लंगडीचे दोन ठोके

"मास्तर, ते दोन ठोके गेले कुठे?"

मास्तर ट्रंपेटमधलं पाणी झटकत होते. शेवटचा थेंब मातीत पडेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग वर बघितलं.

"कुठले?"

"लंगडीतले."

मास्तरांच्या अंगणात आमची तालीम चालली होती. चिकूच्या फांदीला बांधलेल्या झोळीत माझी चार महिन्यांची लेक झोपली होती. ती झोपलेली राहील का, यावर त्या दुपारचं माझं सगळं संगीत अवलंबून होतं.

लंगडी म्हणजे आमच्या बँडची शेवटची धून.

पास्कल तुस्कानो मास्तरांनी ती साठ वर्षांपूर्वी बसवली. त्यांचे एक काका बोटीवर खलाशी होते. त्यांनी परदेशातून एक रेकॉर्ड आणली, काळी, जड, दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटांची. त्या सहा मिनिटांवर मास्तरांनी बँड उभा केला. वसईतले बाकीचे बँडवाले सिनेमाच्या गाण्यांकडे निघाले होते, तेव्हा हा विशीतला माणूस उलटा फिरला आणि चाळीस वर्षं जुन्या जॅझकडे गेला.

ट्रंपेटने सूर सांगायचा. क्लॅरिनेटने, म्हणजे हल्ली मी, त्याच्यावर वेल चढवायचा. ट्रंबोनने खालून टेकू द्यायचा. सगळ्यांनी एकाच वेळी, आपापलं, आणि तरी कुणी कुणाच्या पायात यायचं नाही.

लोक आधी हसले. मग नाचले. मग लग्नाच्या तारखा मास्तरांना विचारून ठरू लागल्या.

लंगडीत तिसऱ्या कडव्याच्या शेवटी दोन ठोके कमी आहेत. वरातीत दोन ठोक्यांना एक पाऊल, डावा, उजवा, डावा, उजवा असं चालताना त्या जागी उजव्या पायाला वेळच मिळत नाही. म्हणून सगळे उजवा पाय वर धरतात आणि डाव्यावरच एक उडी मारतात. नवरी, करवल्या, पोट सुटलेले मामे, सगळे. एकदम. आमच्या गावात लंगडी घातल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही.

तिथे काही कमी आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मला बऱ्याच गोष्टी वेळेवर वाटत नाहीत.

ओजस वर्तकला वाटलं.

ओजस आमच्याच गावचा. वय सव्वीस. मास्तरांकडे नऊ वर्षं शिकला, मग मुंबईला जाऊन ट्रंपेटच्या होत्या तेवढ्या परीक्षा दिल्या आणि सगळ्यांत पहिला आला. तो वाजवतो तेव्हा सुराला कुठे गाठ नसते. मला त्याच्या शेजारी उभं राहायची थोडी भीती वाटते.

त्याने फोन काढला आणि मोठ्या ढोलाच्या कातड्यावर ठेवला, म्हणजे आवाज घुमेल.

"ऐका. तीच रेकॉर्ड. तेच वाजवणारे, तोच दिवस. कुणीतरी साफ करून इंटरनेटवर टाकलीय."

आम्ही ऐकलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. शेवट आला...

उडी आली नाही. सूर तिथून सरळ चालत गेला. जणू त्या जागी कधी काही नव्हतंच.

"तुमच्या काकांच्या रेकॉर्डवर ओरखडा असणार," ओजस म्हणाला. "सुई उडाली. तुम्ही सुईची उडी पाठ केलीत. साठ वर्षं आपण ओरखडा वाजवतोय, मास्तर."

"अरे वा," इनासमामा म्हणाले. मामा ट्रंबोनवर असतात. मास्तरांना 'पास्कू' म्हणणारे ते एकटेच. "म्हणजे माझ्या लग्नात मी ओरखड्यावर नाचलो?"

"हो मामा."

"तरीच."

"मामी आत चहा करतायत हां," ढोलवाला सायमन म्हणाला.

"तिला ऐकू येतंय. तिच्यासाठीच बोललो."

सगळे हसले. ओजस हसला नाही.

"मला गंमत करायची नाहीये. बुधवारचं ठरवायचंय."

मग आम्हीही हसायचं थांबलो. कारण ठरवायचं होतंच.

तो रविवार होता. सोमवारी मास्तरांचे पुढचे चार दात काढणार होते. ओठांना मागून आधार राहिला नाही की ट्रंपेट वाजत नाही, हे त्यांनी महिनाभर आधीच आम्हाला शांतपणे सांगून टाकलं होतं, पंखा बिघडलाय असं सांगावं तसं. बुधवारी इनासमामांच्या नातीचं लग्न. आणि ओजसला एका प्रवासी जहाजाच्या बँडने बोलावलं होतं. हो की नाही, ते मंगळवारच्या आत कळवायचं होतं.

बुधवारी पुढे उभं राहायला ओजसशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तो गेला तर बँड संपला. हे आम्हाला ठाऊक होतं. ओजसलाही ठाऊक होतं. तीच अडचण होती.

"मी पुढे उभा राहीन," तो म्हणाला. "पण बरोबर वाजवून. चूक कळल्यावर ती मुद्दाम वाजवत राहायची, हे मला जमणार नाही. तसं नको असेल तर मी जहाजावर जातो."

आवाज चढवलेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी कॉलेजात शिकवते. पुस्तकातली चूक सापडल्यावर तीच चूक फळ्यावर लिहायची वेळ आली असती तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणजे, मनात. घरी येऊन.

मास्तर उठले आणि घरात गेले.

"झालं," इनासमामा म्हणाले. "चार दात जायचेत त्याचे उद्या. तुला आजच सापडलं हे?"

"मग कधी सांगायचं मामा? दात गेल्यावर?"

मामांनी ट्रंबोनची नळी उगाच दोनदा मागेपुढे केली.

मास्तर परत आले. हातात दोन रेकॉर्ड होत्या, जुन्या कागदी पाकिटांतल्या.

पहिली त्यांनी ओजसला दिली. "ही काकांची."

ओजसने ती उन्हात तिरकी धरली. काळ्या तबकडीवर केसाएवढी रेघ होती. त्याने नख फिरवलं. टक्.

"बघा!" त्याने ती आम्हाला दाखवली. मला. मामांना. सायमनला. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस," मास्तर म्हणाले. आणि दुसरी दिली.

ओजसने तीही तिरकी धरली. बराच वेळ. मग उलटवून पाहिली. मधल्या गोल कागदावरचं नाव वाचलं, नंबर वाचला. पहिलीचा नंबर पुन्हा वाचला.

"तीच आहे."

"हं."

"हिच्यावर ओरखडा नाही."

"नाही."

"ही कधी मिळाली?"

"चौऱ्याहत्तर साली. चोरबाजारात."

"म्हणजे..." ओजसने दोन्ही रेकॉर्ड हळूच मांडीवर ठेवल्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

मास्तर ओट्यावर बसले. गुडघे चोळले.

"पन्नास वर्षं होऊन गेली असतील."

महिनाभर रात्री जागून त्याने लावलेला शोध त्याच्या आईच्या वयाचा निघाला. मला त्याच्याकडे बघवेना. मी झोळीकडे बघितलं. झोळी स्थिर होती. श्वास चालू असेल ना, हे बघायला उठावंसं वाटलं, पण त्या क्षणी उठणं बरं दिसलं नसतं. मी लांबूनच कापडाची हालचाल मोजली. चालू होता.

"मग दुरुस्त का नाही केलंत?" ओजसने विचारलं.

"तू करतोयस ना आता."

"म्हणजे... तुम्ही हो म्हणताय?"

"तुला बरोबर येतं. मला नाही येत. वाजव की."

ओजस चाचरला. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी आत या, बसा म्हणावं, तसं त्याचं झालं.

"पण मी विचारलं ते राहिलंच. ते ठोके गेले कुठे?"

"जातायत कुठे? असतील इथेच."

मास्तरांनी आपल्या ट्रंपेटचा माउथपीस काढला, फडक्यात गुंडाळून खिशात घातला, आणि ट्रंपेट खिडकीत ठेवून दिलं.

पहिल्यांदाच ते आमच्यात नव्हते. समोर होते.

ओजसने पायाने ठोका दिला. आम्ही सुरू केलं.

तिसऱ्या कडव्याचा शेवट आला आणि आम्ही सगळे उडी मारून पलीकडे गेलो. ओजस एकटा अलीकडे राहिला. दोन ठोके मागे, एकदम सुरेल, एकदम एकटा.

"पुन्हा," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला सायमन थांबला, मामा उडाले, आणि मी मधेच लोंबकळले. मी मोजत होते. पण मोजताना मला नेहमी वाटतं, बाकीच्यांचं बरोबर असेल. ट्रंबोन आणि ढोल एकमेकांवर आदळले, आणि झोळीतून रडणं आलं.

साठ वर्षांच्या ओरखड्यावर जी ढिम्म हलली नव्हती, ती शुद्ध दोन ठोक्यांनी उठली.

"मी घेते," मी क्लॅरिनेट खाली ठेवत म्हटलं. "सॉरी. दीडच तास झालाय, खरं म्हणजे तिला अजून..."

मास्तर झोळीपाशी पोचलेही होते. त्यांनी तिला उचललं आणि पालथी करून आपल्या डाव्या हातावर निजवली. डोकं कोपराशी, हातपाय दोन्हीकडे लोंबणारे. असं धरू नये, असं पुस्तकात लिहिलंय. निदान माझ्याकडच्या पुस्तकात.

"तू वाजव, बाय."

ती गप्प झाली.

मी परत खुर्चीवर बसून क्लॅरिनेट उचललं. अर्धं लक्ष तिच्या मानेकडे.

ओजस चांगला शिकवतो, हे मला कबूल केलं पाहिजे. तो चिडला नाही. म्हणाला, "तिथे आलात की मनात 'उजवा' म्हणा. बस. तेवढ्यात दोन ठोके जातात. म्हणून बघा."

आम्ही म्हणून बघितलं. सायमनने मोठ्याने म्हटलं.

तिसऱ्या खेपेला जमलं.

खरोखर जमलं. सूर त्या जागेवरून सरळ पुढे गेला, सगळ्यांना घेऊन. कुणी कुणाच्या पायात आलं नाही. ओजसचे डोळे चमकले. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. इतकी वर्षं चुकलेलं काहीतरी माझ्या हातून बरोबर होतंय, असं रोज होत नाही.

"सपाट झालं," मामा पुटपुटले.

"बरोबर झालं, मामा."

"तेच म्हणतोय मी."

ओजस मास्तरांकडे वळला. "झालं ना?"

मास्तर लेकीच्या पाठीवर हलके ठोके देत होते. त्यांनी मान हलवली.

"झालं. बसून झालं."

"म्हणजे?"

"बुधवारी खुर्च्या घेऊन चालणारेस का?"

सायमन फस्सकन हसला. ओजसही हसला या वेळी. आता त्याला हसायला हरकत नव्हती. तो जिंकला होता.

"चला," तो म्हणाला. "क्रुसापासून विहिरीपर्यंत. विहिरीला वळसा घालून परत. मी पुढे."

अंगणाच्या टोकाला चुन्याने रंगवलेला क्रूस आहे. दुसऱ्या टोकाला विहीर, आणि तिच्यामागे केळीची बाग. मधे साठएक पावलं. आम्ही क्रुसापाशी ओळीने उभे राहिलो. ओजस पुढे, त्याच्या मागे मी, मग मामा, शेवटी सायमन ढोल पोटाशी बांधून.

ओजसने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. "उजवा. विसरू नका."

"नाही विसरत रे बाबा," मामा म्हणाले. "चल एकदाचा."

आम्ही निघालो.

पहिलं कडवं विहिरीच्या अलीकडेच संपलं. ओजस असा वाजवत होता की केळीची पानंसुद्धा ऐकत असतील. पाठ ताठ, कोपरं सैल. घाई नाही, जोर नाही. सूर सांगायचा आणि बाकीच्यांना जागा ठेवायची, हे त्याला येत होतं. मास्तरांनीच शिकवलेलं. मी त्याच्या सुरावर वेल चढवत होते आणि मला वाटलं, हा पुढे असला तर आपण घाबरायचं कारण नाही.

दुसरं कडवं विहिरीच्या वळशात गेलं.

तिसरं लागलं. आम्ही परत निघालो होतो. समोर ओट्याच्या पायरीवर मास्तर उभे, हातावर माझी लेक.

कडव्याचा शेवट जवळ आला. मी माझ्या पायांकडे बघायला लागले. डावा. उजवा. डावा...

उजवा.

माझा उजवा पाय जमिनीवर पडला. मागे मामांचा पडला. त्यांनी तो असा आपटला की माती उडाली, नातीचं लग्न सपाट होणार, याचा सगळा राग त्यात होता. सायमनचा पडला, ढोलासकट.

आम्ही सगळे बरोबर होतो.

पुढे ओजसने उडी मारली.

चांगली उंच. डाव्यावरून डाव्यावर. माउथपीस त्याच्या ओठावर आदळला, आणि मी कधी न ऐकलेला असा एक सूर त्या ट्रंपेटमधून फाटून बाहेर पडला.

आम्ही थांबलो.

केळीतून कावळे उडाले. मग तेही शांत झाले...

ओजस डाव्या पायावर उभा होता. उजवा हवेत. त्याने मान खाली घालून त्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा तरी पाय आपल्या गुडघ्याला लागलाय, अशा नजरेने.

बोटं बरोबर पडली होती. ओठ बरोबर होते. डोकं तर सगळ्यांत बरोबर होतं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, मामा तरी हसतील. पण मामांचा आवाज एकदम मऊ झाला.

"माझ्या धाकटीच्या लग्नात हा सगळ्यांत उंच उडाला होता," ते म्हणाले. "सहा वर्षांचा असेल. चड्डी घसरली, तरी थांबला नाही."

"मामा, पुरे," ओजस म्हणाला. पण पाय खाली टेकवायचं त्याला सुचलं नाही.

मास्तर पायरी उतरले. लेक त्यांच्या हातावर पालथीच झोपून गेली होती, तोंड उघडं, त्यांच्या बाहीवर लाळेचा डाग. मी तिच्या मानेकडे बघितलं. ठीक होती. अगदी ठीक होती.

ते ओजसच्या समोर येऊन उभे राहिले. आधी त्याचा ओठ बघितला. किंचित सुजला होता. मग नजर खाली नेली. त्या हवेतल्या पायाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू घरातच हरवलेली एखादी वस्तू फार दिवसांनी हाताला लागावी.

"सापडले ठोके?"

ओजसने सुजलेल्या ओठावरून जीभ फिरवली.

आत मामींनी चहाचे कप मांडल्याचा आवाज आला.

"मास्तर..." ओजस म्हणाला. "जहाजाला काय कळवू?"

मास्तरांनी मोकळा हात खिशात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला माउथपीस बाहेर काढला. साठ वर्षं त्यांच्याशिवाय कुणाच्या ओठाला न लागलेला. फडकं सोडवलं नाही. तसाच तो त्यांनी ओजसच्या शर्टाच्या खिशात सोडला आणि वरून खिसा एकदा दाबला.

ओजसने खिशाकडे बघितलं. मग विहिरीकडे. मग आमच्याकडे, एकेकाकडे. मामांकडे सगळ्यांत जास्त वेळ.

"मी पुढे असलो..." तो म्हणाला, "तर बुधवारी कुठलं वाजवू? सरळ? की लंगडी?"

मास्तरांनी माझी लेक डाव्या हातावरून उजव्या हातावर घेतली. ती जागी झाली नाही.

"आधी तो पाय खाली टेक," ते म्हणाले. "पुढे चालायचंय तुला."